भाऊजींच्या खात्यातून पैसे गेले, त्यानंतर आम्ही घरात काय काय केलं

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फोन करून साधारण तेच प्रश्न विचारले. पैसे गेले तर पहिला फोन कुणाला करायचा? आधार लॉक केलं तर रेशन मिळतं का? वारलेल्या माणसाचा नंबर बँकेतून काढायचा कसा? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा जे जसं घडलं तसं तारखेनिशी लिहून ठेवते. मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेबाचं काम बघते. शेती तासगाव तालुक्यात. तिथं मोठे भाऊजी आणि जाऊबाई असतात. सासूबाई वर्षातले काही महिने तिकडे, काही आमच्याकडे.

८ फेब्रुवारी २०२५, दुसरा शनिवार. संध्याकाळी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलत दिरांच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. फाईलचं नाव ‘लग्नपत्रिका’ आणि शेवटी डॉट एपीके. पत्रिका फोटोत येते किंवा पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे अख्खं ॲप असतं. भाऊजींनी ती उघडली. फोननं आधी बाहेरचं ॲप बसवायची परवानगी मागितली, मग मेसेज वाचायची. पाठवणारा घरातला माणूस आणि दिवस लग्नसराईचे, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. चुलत दिरांचा फोन त्याच फाईलनं आधीच ताब्यात घेतला होता आणि त्यांच्या नावानं ती सगळ्या ग्रुपांवर पसरली होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी सातच्या पुढं जाऊबाईंचा फोन आला. ‘अगं, ह्यांच्या खात्यातलं पैसं गेलंया, आणि मेसेजबी आला न्हाई.’ दुधाचं बिल जमा झालं का म्हणून भाऊजींनी शिल्लक बघितली होती. पहाटे तीन व्यवहार झाले होते: ५०,०००, २५,००० आणि १२,०००. बँकेचे मेसेज त्या ॲपमधून परस्पर पलीकडे जात होते आणि फोनवरून पुसले जात होते.

मी त्यांना सांगितलं, फोनचा डेटा आणि वायफाय आधी बंद करा. मग जाऊबाईंच्या फोनवरून १९३० लावला. हा केंद्रीय गृहमंत्रालयाचा सायबर फसवणुकीचा नंबर, रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही चालू असतो. महाराष्ट्रात मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी बँकेचं नाव, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारला. हा बारा आकडी क्रमांक महत्त्वाचा. पैसे कुठल्या खात्यात गेले ते त्याच्यावरून शोधतात आणि ती बँक रक्कम जागच्या जागी रोखून धरते. पैसे एका खात्यात थांबत नाहीत, मिनिटामिनिटाला पुढं सरकतात, म्हणून पहिला तास-दोन तास हातातून जाऊ द्यायचे नाहीत. फोन ठेवेपर्यंत तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला. तो आल्यावर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर जाऊन उरलेला तपशील आणि स्क्रीनशॉट चढवून तक्रार पूर्ण करायची असते. ते काम मी इथून सांगलीतून केलं.

दुसरा फोन बँकेला. नंबर एटीएम कार्डाच्या मागं छापलेला असतो, तोच वापरायचा. गूगलवर बँकेचा ग्राहक सेवा नंबर शोधला की बनावट नंबर वर येतात आणि पहिल्या फसवणुकीवर दुसरी होते. खातं गोठवून झाल्यावर अर्ध्या तासात आणखी एक व्यवहार करायचा प्रयत्न झाला आणि तो फसला. हे आम्हाला नंतर खातेउताऱ्यात दिसलं.

सोमवारी १० फेब्रुवारीला भाऊजी शाखेत गेले. तोंडी सांगून परत यायचं नाही, लेखी अर्ज दोन प्रतींत न्यायचा आणि एकीवर शिक्का, तारीख व वेळ घ्यायची, हे पेढीवरच्या कामामुळं मला माहीत होतं. वेळेचं महत्त्व तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात होतं. ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्यानंच गडबड केली आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर बोजा ठरावीक रकमेपुरता. ग्राहकाकडून ओटीपी किंवा पिन बाहेर गेला असं बँकेनं दाखवलं, तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून पोच हातात हवी. आमच्या बाबतीत बँकेनं पुढं एप्रिलमध्ये लेखी कळवलं की ओटीपी भाऊजींच्या फोनवर गेला होता, त्यामुळे भरपाई देता येत नाही. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार केली आहे. तिला पैसे लागत नाहीत; फक्त आधी बँकेकडे तक्रार केलेली असावी लागते आणि तीस दिवस उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर तिकडे जाता येतं.

सायबर पोलिसांकडे बुधवारी गेलो, विश्रामबागला पोलीस अधीक्षक कार्यालयात. खातेउतारा, स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती, आधारची प्रत, पोर्टलच्या तक्रारीची प्रत आणि साध्या कागदावर अर्ज, सगळं दोन-दोन नग. झेरॉक्ससह खर्च शंभराच्या आत. भाऊजी दोन दिवस नीट जेवले नव्हते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिथल्या हवालदारांनी आधी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की सकाळपासून अशाच तक्रारी येत आहेत, शाळामास्तर येतात, डॉक्टर येतात. त्या एका वाक्यानं माणूस सावरला. तुमच्या घरात असं झालं तर ज्याचे पैसे गेले त्याला ‘एवढं कळत नाही का’ असं म्हणू नका. शरमेनं माणूस गप्प बसतो, आणि सगळ्यात महाग पडते ती ती गप्प बसलेली वेळ.

पैसे पहिल्यांदा ज्या खात्यात गेले ते परराज्यातल्या एका कॉलेजच्या मुलाचं होतं, असं तिथं कळलं. महिन्याला काही हजार मिळतात म्हणून मुलं आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करतात. गुन्ह्यात नाव त्यांचं येतं. आमचा पुतण्या पुण्यात शिकतो. त्याच रात्री त्याला फोन लावून हे सविस्तर सांगितलं, कारण त्याच्या वसतिगृहातही ‘खातं भाड्यानं’ विचारणारे फिरतात, असं तो म्हणाला.

भाऊजींचा फोन आम्ही पूर्ण कोरा केला. आधी फक्त फोटो आणि संपर्क काढून घेतले. ॲपांचा बॅकअप परत घेतला नाही, नाहीतर तीच फाईल परत येते. असली ॲपं पडद्यावर चिन्ह ठेवत नाहीत. सेटिंगमध्ये ॲपांची पूर्ण यादी उघडली तेव्हा ते नाव नसलेलं, कोऱ्या चिन्हाचं, सर्वात खाली दिसलं. पासवर्ड आणि यूपीआय पिन मात्र दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलले.

इथपर्यंत धावपळ होती. खरं काम पुढं सुरू झालं. तीच फाईल माझ्या आणि सासूबाईंच्या फोनवरही आली होती, त्यामुळे आता घरातल्या प्रत्येकाचं एकेक करून बघायचं असं आम्ही ठरवलं. मी वही घातली. डावीकडे माणसाचं नाव, समोर त्याचा कुठला नंबर कुठं जोडलेला: आधार, बँक, गॅस, वीजबिल, एलआयसी, पीएम किसान. ती वही भरतानाच कळलं की आमचं कच्चं काय होतं. पासवर्ड नव्हे, नंबर आणि कागद.

सासरे २०२२ साली गेले. त्यांच्या सिमला कुणी रिचार्ज केलं नाही, ते बंद पडलं. बंद पडलेला नंबर कंपनी किमान नव्वद दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकते. सासूबाईंच्या आधारला, एका बचत खात्याला आणि गॅसला तोच नंबर होता. मी त्यावर फोन लावला. एका अनोळखी मुलानं उचलला. चांगला होता बिचारा. म्हणाला, ‘काकू, सिलेंडरचे मेसेज मलाच येतात, कुणाचे ते कळत नव्हतं.’ बँकेचेही येतात का विचारलं तर म्हणाला, कधीकधी. माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंच्या आयुष्यभराच्या बचतीचा ओटीपी एका परक्या फोनवर जात होता. तो मुलगा सरळ निघाला हे आमचं नशीब.

बँकेत नंबर बदलायला खातेदार स्वतः लागतो, केवायसीची कागदपत्रं लागतात आणि छापील अर्ज. नवा नंबर काही दिवसांत चालू झाला. गॅसचं एजन्सीत एका फेरीत झालं. आधारचं मात्र आम्ही केंद्रावर जाऊन केलं. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, आम्ही सासूबाईंना पोस्टातल्या आधार केंद्रावर घेऊन गेलो. सकाळी लवकर टोकन घ्यावं लागतं. नंबर बदलायला कागद लागत नाही, माणूस लागतो. शुल्क तेव्हा ५० रुपये.

यंत्रावर त्यांची बोटं उमटेनात. उभा जन्म भांगलणीत आणि हळद काढण्यात गेला. बोटांवरच्या रेषा घासून गुळगुळीत झालेल्या. ऑपरेटरनं बोटं ओल्या फडक्यानं पुसायला लावली, एकेक करून दाबून बघितली, शेवटी डोळ्यांच्या यंत्रावर काम झालं. म्हाताऱ्या माणसाला नेताना हे लक्षात ठेवा: बोटं उमटली नाहीत म्हणून परत पाठवू लागले तर डोळ्यांनी होतं का ते विचारा. पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकानं काम कुठवर आलं ते बघता येतं. आमचं मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालं. त्याच दिवसांत गावोगावी शेतकरी ओळखपत्राचे कॅम्प चालू होते आणि तिथंही आधारच्या नंबरवर ओटीपी लागत होता, त्यामुळे हे काम असंही करावंच लागलं असतं.

मध्यंतरी संचार साथी पोर्टल उघडलं. दूरसंचार विभागाचं आहे, २०२३ पासून चालू. आपला नंबर टाकून ओटीपी दिला की आपल्या नावावर किती मोबाईल नंबर चालू आहेत त्याची यादी येते. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ असू शकतात. सासूबाईंच्या नावावर तीन निघाले. एक त्यांचा. दुसरा बघून मी ‘माझा नाही’ दाबणार होते, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, थांब, तो विहिरीवरचा आहे. मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये जे सिम आहे ते सासूबाईंच्या आधारवर घेतलेलं. ते बंद झालं असतं तर ऐन फेब्रुवारीत द्राक्षबागेच्या पाण्याची पंचाईत झाली असती. शेतकऱ्यांच्या घरात मोटारीचं, सीसीटीव्हीचं सिम कुणाच्या नावावर आहे ते आधी विचारा, मगच बटण दाबा. तिसरा नंबर कुणालाच ओळखू आला नाही. त्याला ‘माझा नाही’ केलं, विनंती क्रमांक आला, आणि एप्रिलमध्ये तो यादीतून गेला.

नवा नंबर आधारला जोडल्यावर आधारच्या संकेतस्थळावर सासूबाईंचा सहा महिन्यांचा वापर बघितला. कधी, कुणी, बोटानं की ओटीपीनं पडताळणी केली ते दिसतं. सगळे व्यवहार रेशन दुकानाचे आणि बँकेचे, ओळखीचेच होते. मग बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे बोटानं-डोळ्यांनी होणारी पडताळणी बंद ठेवली. कारण असं: आधार आणि अंगठा यांवर गावातल्या बँक मित्राकडून, म्हणजे बँकेनं नेमलेल्या माणसाकडून, पैसे काढता येतात, तिथं ओटीपी लागत नाही. जमिनीच्या खरेदीखतावरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांची रबरी नक्कल करून अशा पद्धतीनं खाती रिकामी केल्याचे गुन्हे हरियाणा, तेलंगणा, कर्नाटकात उघडकीला आले आहेत. आमच्या घरात वाटणीपत्र झालेलं, सगळ्यांचे अंगठे आणि आधार क्रमांक त्या दस्तात.

इथं एक अडचण आली ती कुणी सांगत नाही. एप्रिलमध्ये सासूबाई गावात रेशनला गेल्या तर यंत्रावर अंगठा लागेना, ३३० क्रमांकाची चूक दाखवू लागलं. दुकानदाराला वाटलं कार्डच बंद झालं. शिवाय तेव्हा रेशनकार्डाच्या ई-केवायसीची घाई चालली होती, त्यामुळे त्या घाबरल्या. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे, एवढाच त्याचा अर्थ. एमआधार ॲपमधून ते दहा मिनिटांपुरतं उघडता येतं, नंतर आपोआप परत बंद होतं. जाऊबाईंनी ते शिकून घेतलं. आता दुकानासमोर रांगेत नंबर आला की त्या उघडतात. तुमच्या घरात असं करून देणारं कुणी रोज हाताशी नसेल तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं लॉक करू नका, त्यांचं रेशन आणि पेन्शन अडकेल. त्यापेक्षा त्यांच्या खात्यात थोडीच रक्कम ठेवा आणि आधारवरून पैसे काढायची सोय बंद करा, असा अर्ज शाखेत द्या. आमच्या शाखेनं तो घेतला.

कागदांचं काम मला सर्वात जिवाभावाचं वाटलं, कारण त्याकडे कुणीच बघत नाही. आधारची प्रत काढायची तर आपण काय करतो? झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर फोटो पाठवतो. मार्चमध्ये एका दुकानात प्रत घ्यायला गेले तेव्हा त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर व्हॉट्सॲप उघडं होतं. डाव्या बाजूला अनोळखी नंबरांची रांग आणि प्रत्येकाच्या पुढं आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, कुणाच्या लेकीची गुणपत्रिका. डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये तर हजारभर फायली असाव्यात. दुकानदार सज्जन माणूस, पण त्याचा संगणक उद्या बिघडून दुरुस्तीला गेला तर? मी विनंती केल्यावर त्यांनी माझी फाईल माझ्यासमोर पुसली, आणि आता दर रविवारी सगळंच पुसतात. आम्ही घरात झाकलेलं आधार वापरायला लागलो, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं आणि बहुतेक ठिकाणी चालतं. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहितो. गावच्या सोसायटीच्या ग्रुपवर पीक विम्याच्या वेळी लोक आधार आणि सातबारा सर्रास टाकतात. भाऊजींनी तिथल्या सचिवांना सांगून ते थांबवलं, आता प्रत्येकजण थेट त्यांच्या हातात कागद देतो.

पैशाची मांडणी बदलली, आणि एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा असं मी म्हणेन. यूपीआयला जोडलेलं खातं फक्त घरखर्चाचं ठेवलं, त्यात महिन्यापुरते पैसे. द्राक्षाचे, हळदीचे, पगाराचे पैसे दुसऱ्या खात्यात, ज्याला यूपीआय नाही आणि एटीएम कार्डही नाही. उद्या कुणाच्या हातून काही झालंच तर जाईल ते महिन्याचं किराणा-दुधाचं, वर्षाचं नाही. कार्डांवर परदेशातले, ऑनलाइन आणि टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे बंद-चालू करता येतात. रिझर्व्ह बँकेनं ही सोय १ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या बँकांना लावून दिली आहे. आमच्या सगळ्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन बंद. यूपीआयची दिवसाची मर्यादाही ॲपमधून कमी केली. सासूबाईंना इंटरनेट बँकिंग कुणीतरी कधी चालू करून दिलं होतं, ते अर्ज देऊन बंद केलं.

व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन लावला, फाईली आपोआप उतरणं बंद केलं, जोडलेली उपकरणं तपासली. गूगल खात्यालाही दुहेरी पडताळणी लावली, आणि ती जे दहा राखीव कोड देते ते कागदावर उतरवून कपाटात ठेवले. फोन हरवला तर तेच कामाला येतात. कॉल दुसरीकडे वळवलेत का ते बघायला *#२१# आणि सगळे वळवलेले कॉल रद्द करायला ##००२# लावायचं; कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस म्हणून कुणी चांदणी आणि आकड्यांचा नंबर लावायला सांगितला तर लावायचा नाही.

मे महिन्यात सगळ्यांचे पतअहवाल, म्हणजे नावावरच्या कर्जांच्या नोंदी, मागवले. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. पैसे मागणाऱ्या योजना संकेतस्थळावर समोर दिसतात, फुकटचा दुवा जरा शोधावा लागतो. भाऊजींच्या अहवालात फेब्रुवारीतली कर्जाची एक चौकशी निघाली, जी त्यांनी केलीच नव्हती. कर्ज मंजूर झालं नव्हतं, तरी हरकत नोंदवली. त्या कंपन्यांना तीस दिवसांत निकाली काढावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यायचे असा नियम आहे. आमचं मुदतीत झालं.

जूनमध्ये यजमानांना व्हिडिओ कॉल आला. खाकी शर्ट, मागं पोलीस ठाण्यासारखी भिंत, तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. डिजिटल अटक असं काही आपल्या कायद्यात नाहीच, पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं. यजमानांनी कॉल तोडला आणि संचार साथीच्या चक्षू या सोयीवर तो नंबर कळवला. पैसे गेले नसतील तर चक्षू, गेले असतील तर १९३०. नंतर बराच वेळ त्यांचा हात कापत होता. माहीत असूनही भीती वाटतेच, म्हणून कुणी असा कॉल घेऊन घाबरला तर त्याच्याजवळ बसा.

भाऊजींच्या ८७,००० पैकी ३१,००० एका खात्यात वेळेत रोखले गेले होते. ते आपोआप परत आले नाहीत, तेव्हा न्यायालयाचा आदेश लागला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज केला. वकिलांनी ओळखीतले म्हणून २,००० घेतले, बंधपत्राचा स्टॅम्प ५०० चा. पोलिसांचा अहवाल यायला वेळ लागला, मग सुट्ट्या आल्या. सप्टेंबरच्या शेवटी रक्कम खात्यात जमा झाली. उरलेले ५६,००० पुढच्या खात्यांतून एटीएमवर काढले गेले, त्यांचा तपास चालू आहे. लोकपालाकडची तक्रारही अजून निघायची आहे.

वहीत एकच ओळ मोकळी राहिली आहे, जाऊबाईंच्या आईची. त्यांच्या आधारला अजून जुना बंद नंबर आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गडबडीआधी त्यांना पोस्टात न्यायचं ठरलंय. ऑक्टोबर २०२५ पासून शुल्क ७५ रुपये झालंय, आणि टोकनसाठी सकाळी लवकर जावं लागेल.